राजाच्या कानाशी कोण बसतं?

९ मार्च २०२५ रोजी नेपाळचे माजी राजे ज्ञानेंद्र पोखऱ्याहून काठमांडूला परतले, तेव्हा विमानतळाबाहेर हजारोंची गर्दी होती. ‘राजा आऊ, देश बचाऊ’ अशा घोषणा चालल्या होत्या. पुढे २८ मार्चला तिनकुने भागात याच मागणीच्या सभेला हिंसक वळण लागलं आणि दोघांचा जीव गेला, त्यातला एक वृत्तवाहिनीचा पत्रकार होता. सप्टेंबरात तरुणांच्या आंदोलनाने पंतप्रधान ओलींचं सरकार पडलं आणि राजेशाहीची चर्चा पुन्हा सुरू झाली. आपल्याकडेही मराठीतून या विषयावर हिरिरीने लिहिलं गेलं. राजा हवा की नको, हिंदू राष्ट्र असावं की नसावं, यावर लोक तावातावाने भांडले. एक प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही. राजा घटनेच्या चौकटीत परत आलाच, तर त्याच्या कानाशी कोण बसणार?

मला हा प्रश्न मुकुटाच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा वाटतो. घटनात्मक राजेशाहीत राजाचे अधिकार कागदावर मोजकेच असतात. त्याने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागायचं असतं. पण अशा बहुतेक देशांत मंत्रिमंडळाखेरीज आणखी एक मंडळ असतं. कुठे त्याला राजपरिषद म्हणतात, कुठे प्रिव्ही कौन्सिल. त्याचे सदस्य सहसा निवडून आलेले नसतात. ते काय बोलले हे बाहेर कळत नाही आणि सल्ला चुकला तर त्यांना कुणी जाब विचारत नाही. माझं म्हणणं असं आहे की या मंडळाचं काम राजवाड्याच्या उंबरठ्याच्या आत संपलं पाहिजे. गादीचा वारस, राजघराण्याचं वागणं, खासगी मालमत्ता एवढ्यापुरतंच ते असावं. राज्यकारभाराबद्दल राजाला सल्ला देण्याचा अधिकार फक्त लोकांना जबाबदार असलेल्या माणसांचाच असला पाहिजे.

नेपाळपासूनच सुरुवात करू, कारण असं मंडळ का लागतं आणि ते कुठे तोकडं पडतं, या दोन्ही गोष्टी तिथे चार दिवसांत दिसल्या. १९९० च्या संविधानाने नेपाळात घटनात्मक राजेशाही आणली आणि राजपरिषद कायम ठेवली. तिच्यात पंतप्रधान, सरन्यायाधीश, सभामुख (म्हणजे संसदेचे सभापती) यांच्यासारखे पदसिद्ध सदस्य होते आणि त्यांच्या जोडीला राजाने स्वतः नेमलेले. रोजचं काम स्थायी समितीकडे असे. १ जून २००१ च्या रात्री नारायणहिटी राजवाड्यातल्या त्रिभुवन सदनात राजकुटुंबाचं जेवण होतं. तिथे झालेल्या गोळीबारात राजे वीरेंद्र, राणी ऐश्वर्या, धाकटे राजपुत्र निराजन, राजकन्या श्रुती आणि घराण्यातली इतर माणसं मारली गेली. युवराज दीपेंद्र छाउनीच्या लष्करी रुग्णालयात बेशुद्ध होते. वीरेंद्र यांचे भाऊ ज्ञानेंद्र त्या वेळी पोखऱ्यात होते. सिंहासन रिकामं होतं आणि माओवाद्यांशी चाललेला सशस्त्र संघर्ष ऐन भरात होता. अशा वेळी कुणीतरी अधिकाराने उठून ‘आता राजा अमुक’ असं सांगावं लागतं. २ जूनला राजपरिषदेने ते सांगितलं. बेशुद्ध दीपेंद्र राजे आणि ज्ञानेंद्र राजप्रतिनिधी. ४ जूनला दीपेंद्र गेले आणि ज्ञानेंद्र गादीवर आले.

कायद्याप्रमाणे परिषदेचं काही चुकलं नाही. वारसाच्या नियमात थोरला मुलगा पुढे होता आणि तो जिवंत होता. पण ज्याच्या हातून हे हत्याकांड झालं असं शहरभर बोललं जात होतं, त्यालाच राजा म्हणून जाहीर करताना, घडलं काय याबद्दल लोकांना एक अक्षर सांगितलं गेलं नाही. राजप्रतिनिधींच्या निवेदनात तर स्वयंचलित शस्त्रातून अचानक गोळ्या सुटल्याचं म्हटलं होतं. काठमांडूत लोक रस्त्यावर उतरले, दगडफेक झाली, संचारबंदी लावावी लागली. अखेर चौकशी कुणाकडे गेली? सरन्यायाधीश केशवप्रसाद उपाध्याय आणि सभामुख तारानाथ रानाभाट यांच्या दोघांच्या समितीकडे. रानाभाटांनी पत्रकारांसमोर उभं राहून अहवाल मांडला. अनेकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही, आजही ठेवत नाहीत. तरी निदान कुणीतरी लोकांसमोर येऊन उत्तर दिलं. राजाचं नाव परिषदेने जाहीर केलं, पण हिशेब द्यायची वेळ आली तेव्हा न्यायपालिका आणि संसद यांच्या प्रमुखांनाच पुढे यावं लागलं. हा फरक मला फार बोलका वाटतो.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. ४ ऑक्टोबर २००२ ला ज्ञानेंद्रांनी पंतप्रधान शेरबहादूर देउबांना अकार्यक्षम ठरवून पदावरून काढलं. १ फेब्रुवारी २००५ ला तर सगळी सत्ता हातात घेतली. फोन बंद झाले, नेते घरात नजरकैदेत गेले. मंत्रिमंडळाच्या अध्यक्षपदी राजे स्वतः बसले आणि उपाध्यक्ष म्हणून तुलसी गिरी आणि कीर्तिनिधी बिष्ट आले. दोघेही पंचायत काळातले, म्हणजे सत्ता राजाच्या हाती असलेल्या पक्षविरहित राजवटीतले, माजी पंतप्रधान. म्हणजे ज्या व्यवस्थेला लोकांनी १९९० मध्ये रस्त्यावर उतरून निरोप दिला होता, तिचीच माणसं पंधरा वर्षांनी राजाच्या शेजारी बसलेली दिसली. ती तिथे एका रात्रीत उगवली नव्हती. राजवाड्याभोवतीचं जग तेच राहिलं होतं. निवडणुकांचे वारे त्या आवारात कधी शिरलेच नाहीत, कारण तिथे शिरण्याची वाट राजाच्या मर्जीतून जात होती. राजाला ‘महाराज, हे करू नका’ असं सांगण्याचं बळ असलेलं कुणी त्या आवारात नव्हतं, किंवा असलं तरी त्याचं चाललं नाही. राजपरिषदेचाही या सगळ्याला अडसर झाला नाही. १८ मे २००६ ला पुनर्स्थापित प्रतिनिधी सभेने, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, घोषणा करून राजाचे अधिकार काढून घेतले, तेव्हा त्याच घोषणेत राजपरिषदही मोडीत काढली. दोन वर्षांनी, २८ मे २००८ ला, राजेशाहीच संपली. ज्यांना ती परत हवी आहे त्यांनी या क्रमाकडे नीट पाहावं. खुशमस्कऱ्यांच्या गराड्यात सापडलेल्या राजाने आपली गादी स्वतःच्या हाताने गमावली.

थायलंडचं उदाहरण याहून गुंतागुंतीचं आहे. तिथे सल्लागार मंडळ दुबळं नाही, ते फार बलवान आहे. संविधानानुसार एक अध्यक्ष आणि जास्तीत जास्त अठरा सदस्य, सगळे राजाने निवडलेले, राजाची मर्जी असेपर्यंत पदावर. त्यांनी खासदार असू नये, दुसरं राजकीय पद घेऊ नये, कुठल्याही पक्षाशी निष्ठा दाखवू नये, असाही नियम आहे. वाचताना वाटतं, बंदोबस्त चोख आहे.

आता माणसं पाहू. जनरल प्रेम तिनसुलानोंद १९८० ते १९८८ पंतप्रधान होते. १९९८ पासून २०१९ मध्ये निधन होईपर्यंत ते या मंडळाचे अध्यक्ष होते. जुलै २००६ मध्ये त्यांनी लष्करी अकादमीत छात्रांपुढे भाषण केलं. त्याचा मथितार्थ असा होता की सैन्य हा घोडा, सरकार हा केवळ स्वार; घोड्याचे खरे मालक राष्ट्र आणि राजा. त्या वेळी निवडून आलेले पंतप्रधान थकसिन यांच्याविरुद्ध वातावरण तापलं होतं. १९ सप्टेंबर २००६ ला लष्कराने सत्ता घेतली. मग पंतप्रधान कोण झाले? माजी लष्करप्रमुख सुरयुद चुलानोंद, जे तोवर याच सल्लागार मंडळाचे सदस्य होते. पंतप्रधानपद संपल्यावर २००८ मध्ये ते मंडळावर परतले आणि आज अध्यक्ष आहेत. २०१४ मध्ये उठाव करणारे जनरल प्रयुत चान-ओचा नऊ वर्षं सत्तेत राहिले आणि २०२३ च्या नोव्हेंबरात तेही या मंडळावर नेमले गेले.

सदस्य असताना राजकीय पद घ्यायचं नाही, हा नियम यांपैकी कुणी मोडला नाही. राजीनामा दिला, पंतप्रधान झाले, पुन्हा आत आले. नियमाचं शब्दशः पालन झालं, पण लोकांना जे कळायचं ते कळलं. उठाव करणाऱ्यांसाठी आणि उठावानंतर कारभार चालवणाऱ्यांसाठी राजवाड्याचं दार उघडं आहे, असाच त्याचा अर्थ सामान्य थाई माणसाने घेतला तर त्याला दोष देता येणार नाही. २००७ मध्ये आंदोलक प्रेम यांच्या निवासस्थानावर चालून गेले ते त्यामुळेच. राजावर बोट ठेवायची सोय नव्हती. राजाची बदनामी केल्यास प्रत्येक गुन्ह्याला तीन ते पंधरा वर्षांची कैद आहे. मग राग सल्लागाराच्या दारात गेला. आणि यात सर्वात जास्त नुकसान राजसंस्थेचंच होतं. राजाला पक्षीय भांडणांच्या वर ठेवायचं म्हणून ही व्यवस्था असते. सल्लागारच भांडणात उतरले की त्यांच्यामागे उभा असलेला राजा वर कसा राहील?

थाई मंडळाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणं अन्यायाचं होईल. मे १९९२ मध्ये बँकॉकच्या रस्त्यांवर गोळीबार होऊन माणसं मेली. २० मेच्या रात्री राजे भूमिबोल यांनी पंतप्रधान सुचिंदा आणि आंदोलनाचे नेते चामलोंग या दोघांना बोलावून घेतलं. दोघे राजापुढे जमिनीवर बसले आहेत आणि शेजारी सल्लागार मंडळाचे अध्यक्ष सान्या आणि सदस्य प्रेम आहेत, हे दृश्य दूरचित्रवाणीवर साऱ्या देशाने पाहिलं. रक्तपात थांबला, सुचिंदा गेले. १३ ऑक्टोबर २०१६ ला भूमिबोल वारले आणि युवराजांनी गादी स्वीकारायला वेळ मागितला, तेव्हा १ डिसेंबरपर्यंत राजप्रतिनिधीची जागा ९६ वर्षांच्या प्रेम यांनीच सांभाळली आणि देशात गडबड झाली नाही. हे मी मनापासून मान्य करतो. पण १९९२ च्या रात्री जे साधलं ते राजाच्या नैतिक वजनाने साधलं आणि सगळ्या देशाच्या डोळ्यांदेखत साधलं. ज्या सल्ल्यांनी घात केला ते बंद दारांआड दिले गेले.

ब्रिटनच्या प्रिव्ही कौन्सिलशी आपला जुना संबंध आहे, तो न्यायालय म्हणून. १८९७ च्या राजद्रोहाच्या शिक्षेविरुद्ध लोकमान्यांचा अर्ज तिथे गेला आणि फेटाळला गेला. ताई महाराजांच्या दत्तकाच्या वादात १९१५ साली तिथूनच त्यांच्या बाजूने निकाल आला. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर त्या न्यायसमितीवर बसले. भारतातून तिकडे जाणारी अपिलं १० ऑक्टोबर १९४९ ला थांबली. मॉरिशस १९९२ मध्ये प्रजासत्ताक झालं, तरी तिथलं शेवटचं अपील आजही लंडनला त्याच समितीपुढे जातं. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कोकणातून गेलेल्या मराठी माणसांचे वंशजही त्या देशाचे नागरिक आहेत. स्वतंत्र देशाने स्वतःहून हा दरवाजा उघडा ठेवला, याचं एक कारण मला स्पष्ट दिसतं. न्यायसमिती दोन्ही बाजू उघडपणे ऐकते आणि निकालाची कारणं लिहून देते.

त्याच छताखाली दुसरं काम चालतं, ते अगदी उलट पद्धतीने. राजासमोर तीन-चार मंत्री उभे राहतात, आदेशांची यादी वाचली जाते, राजा ‘मंजूर’ म्हणतो. खुर्च्या नसतात, चर्चाही नसते. आणि याच मॉरिशसचा हिंदी महासागरातला चागोस द्वीपसमूह ८ नोव्हेंबर १९६५ ला तोडला गेला तो अशाच आदेशाने. १९६८ ते १९७३ या काळात दिएगो गार्सियाच्या अमेरिकी तळासाठी तिथल्या माणसांना बेटांवरून हलवलं. २००० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने ही हकालपट्टी बेकायदा ठरवली. लोकांना घरी जाण्याची आशा लागली. १० जून २००४ ला राणीच्या संमतीने दोन नवे आदेश निघाले आणि ती वाट पुन्हा बंद झाली. संसदेत विधेयक नाही, वादविवाद नाही, मतदान नाही. २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायाधीशांनी, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनमधल्या सर्वोच्च न्यायपीठाने, तीन विरुद्ध दोन अशा मतांनी ते आदेश टिकवले. आपल्या गावात मरायला मिळावं एवढंच मागणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची ही गोष्ट आहे, आणि ज्या सभेत त्यांचं भवितव्य ठरलं तिथे त्यांच्या बाजूने एक शब्द बोलायला कुणी नव्हतं. मला हे वाचताना दर वेळी संताप येतो.

इथे राजवाड्याने सरकारवर कुरघोडी केली नाही. सरकारनेच राजवाड्याच्या आडून संसदेला वळसा घातला. २८ ऑगस्ट २०१९ ला हेच झालं. मंत्री जेकब रीस-मॉग आणि कौन्सिलचे आणखी दोन सदस्य स्कॉटलंडमधल्या बालमोरलला गेले, राणीपुढे उभे राहिले आणि ब्रेक्झिटच्या ऐन तोंडावर संसद पाच आठवडे संस्थगित करण्याचा आदेश घेऊन आले. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठातल्या अकराही न्यायमूर्तींनी एकमताने तो आदेश बेकायदा आणि मुळातच निरर्थक ठरवला. राणीला चुकीचा सल्ला दिला गेला होता. तिला तो नाकारता येत नव्हता, कारण मंत्र्यांचा सल्ला मानणं हेच तिचं घटनात्मक कर्तव्य. पण निदान कोण गेलं, कधी गेलं, कुठला आदेश निघाला हे जाहीर होतं, म्हणून तर एका नागरिक बाईला कोर्टात जाता आलं. नुसता ‘राजाला सल्ला दिला गेला’ एवढंच बाहेर आलं असतं तर दाद कशाविरुद्ध मागायची?

या सगळ्यात मला सर्वात शहाणपणाची रचना भूतानची वाटते, आणि लहान देश म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं याचं वाईट वाटतं. तिसरे राजे जिग्मे दोरजी वांगचुक यांनी १९६५ मध्ये शाही सल्लागार परिषद स्थापन केली, तेव्हा नऊपैकी सहा जागा लोकांच्या प्रतिनिधींना दिल्या, दोन भिक्षुसंघाला आणि एक सरकारला. निवडून आलेलं सरकार नव्हतं त्या काळात अशा परिषदेला अर्थ होता. राजाच्या कानाशी गावाकडचा माणूस पोचत होता. २००८ च्या संविधानाने निवडून आलेली संसद आली आणि ही परिषद गेली. तिच्या जागी चौघांचं छोटं मंडळ आलं. दोघे राजा नेमतो, एकाला मंत्रिमंडळ आणि एकाला राष्ट्रीय परिषद, म्हणजे संसदेचं वरिष्ठ सभागृह. त्यांच्याकडे काम काय? राजाचे विशेषाधिकार, राजघराण्याचं वर्तन, राजघराण्याची मालमत्ता. कारभाराचं नाव नाही.

याहून महत्त्वाची तरतूद राजप्रतिनिधित्वाची. राजा लहान असेल किंवा काम करण्यास असमर्थ असेल तर जी परिषद बसते, तिच्यात राजघराण्यातली एक ज्येष्ठ व्यक्ती, आणि तिच्यासोबत पंतप्रधान, सरन्यायाधीश, सभापती, राष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष आणि विरोधी पक्षनेता. विरोधी पक्षनेता! गादी अडचणीत असताना सत्तेबाहेरचा आवाज त्या खोलीत असलाच पाहिजे, हे ज्यांनी लिहून ठेवलं त्यांना माणसाचा स्वभाव नीट कळला होता.

आपल्या मातीतही असं एक उदाहरण आहे. औंध संस्थानाच्या पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने स्वराज्याची घटना जाहीर केली. सत्ता गावपंचायतींपासून वर चढत जाईल आणि मंत्री लोकप्रतिनिधींना जबाबदार असतील, असं तिचं स्वरूप होतं. अवघ्या ७२ गावांचं संस्थान, पण राजाने कुणाचं ऐकायचं हे तिथे राजाने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप खरोखर वजनाचा आहे. राजालाही माणूस लागतो. पंतप्रधानांच्या प्रत्येक शब्दाची शहानिशा करायची कुणाशी? ब्रिटनमध्ये राजाला तीन हक्क आहेत असं मानतात: सरकारने त्याचा विचार घ्यावा, त्याने सरकारला उत्तेजन द्यावं आणि इशारा द्यावा. इशारा द्यायचा तर अनुभवी माणसं जवळ हवीत. हे पटतं. पण त्यासाठी राजाने कुणालाही भेटावं, निवृत्त न्यायाधीशांशी, प्राध्यापकांशी, विरोधकांशी बोलावं. कुणी अडवलेलं नाही. अडचण तेव्हा सुरू होते जेव्हा अशा माणसांना पद, शिक्का, कार्यालय आणि पुन्हा सत्तेत जाण्याची वाट मिळते.

दुसरा आक्षेप नेपाळातून येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकार कोसळलं तेव्हा राष्ट्रपती, सेनाप्रमुख आणि आंदोलक यांच्या बोलण्यांतून हंगामी पंतप्रधान म्हणून सुशीला कार्कींचं नाव पुढे आलं. राजा आणि त्याची परिषद असती तर हे सुरळीत झालं असतं, असं काही जण म्हणतात. माझा अंदाज वेगळा आहे. त्या दिवसांत तरुण ज्यांच्यावर चिडले होते ते सगळे वर्षानुवर्षं आळीपाळीने खुर्चीत बसणारे चेहरे होते, आणि राजाने नेमलेल्या परिषदेत अशाच चेहऱ्यांची वर्णी लागते. त्या तरुणांनी तिचं नाव मानलं असतं असं मला वाटत नाही. माजी सरन्यायाधीश असलेल्या कार्कींवर त्यांचा भरवसा बसला तो त्यांच्या निकालांमुळे, आणि ते निकाल सर्वांना वाचायला खुले होते.

म्हणून राजेशाहीसाठी काठमांडूत मोर्चे काढणाऱ्यांनी आणि त्यांना इथून पाठिंबा देणाऱ्यांनी आपल्या मागणीपत्रात काही ओळी जास्त लिहाव्यात. राजाच्या सल्लागार मंडळात किती जण असतील आणि त्यांतले किती राजाच्या मर्जीबाहेरचे असतील. विरोधी पक्षनेत्याला जागा असेल का. मंडळ सोडल्यावर किती वर्षं मंत्रिपद घेता येणार नाही आणि मंत्रिपद किंवा सेनापतिपद सोडल्यावर किती वर्षं मंडळावर येता येणार नाही. बैठक कधी झाली, कोण हजर होतं, काय ठरलं, हे किती दिवसांत प्रसिद्ध होईल. उठावात भाग घेतलेल्याला तिथे कायमची बंदी असेल का. २००५ च्या फेब्रुवारीत तुरुंगात आणि नजरकैदेत गेलेली माणसं अजून हयात आहेत. राजेशाहीवाल्यांना नवं संविधान खरोखर लिहायचं असेल, तर हा मसुदा घेऊन त्यांनी आधी त्या माणसांकडे जावं.